डोस दिल्यानंतर पुन्हा कोण विचारतं? हॉस्पिस निवडीचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

रुग्ण बाई, वय 68. स्वादुपिंडाचा कॅन्सर, यकृतात पसरलेला. केमोथेरपीच्या दोन वेगवेगळ्या औषधयोजना होऊन गेल्या होत्या. तिसरीने उपयोग कमी आणि हाल जास्त होतील, हे कॅन्सरतज्ज्ञांनी स्वतःच सांगितलं. घरी पती, वय 74, गुडघ्यांनी बेजार आणि मधुमेही. थोरली मुलगी जवळच राहते, नोकरी करते. धाकटा मुलगा विमानाने यावं लागेल इतका लांब. इथे त्यांना काकू, काका, थोरली आणि धाकटा असंच म्हणते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम आणि आमच्या चुका मात्र जशाच्या तशा ठेवल्या आहेत.

मी उपशामक सेवेत, म्हणजे गंभीर आजारातली वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या सेवेत, समाजकार्यकर्ती म्हणून काम करते. यातल्या कुठल्याही संस्थेशी माझा संबंध नव्हता. आईसाठी हॉस्पिस, म्हणजे आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यात रुग्णाची काळजी घेणारी संस्था, निवडायची होती. थोरलीने फोन केला तो एकाच प्रश्नासाठी: "ताई, दोन ठिकाणं आहेत. त्यातलं चांगलं कोणतं, हे बघायचं तरी कसं?"

त्या वेळी काकू दिवसाचा बराचसा वेळ बसून किंवा पडून असत. कुणीतरी धरलं तर बाथरूमपर्यंत जात. आमच्याकडे रुग्णाची ताकद मोजायची 100 पासून 0 पर्यंतची एक पट्टी असते, पॅलिएटिव्ह परफॉर्मन्स स्केल. तिच्यावर त्या 50 च्या आसपास होत्या. वेदना पोटाच्या वरच्या भागातून थेट पाठीत जायची आणि पाठीवर पडलं की वाढायची. त्यामुळे काकू रात्री उशी पोटाशी घट्ट धरून, पुढे झुकून, भिंतीला डोकं टेकवून झोपत. मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्या उशीच्या अभ्र्यावर मधोमध कपाळाच्या तेलाचा डाग होता. किती रात्री अशा गेल्या असतील, ते विचारायची गरज पडली नाही.

अडचण काय होती

वरवर पाहता अडचण भाऊ-बहिणींच्या मतभेदाची होती. धाकट्याच्या मते हॉस्पिस म्हणजे आईला वाऱ्यावर सोडणं, आणि मॉर्फिन हे वेदनेचं औषध देणं म्हणजे शेवट जवळ आणणं. ही भीती त्याची एकट्याची नाही. मी त्याला 2010 साली प्रसिद्ध झालेल्या बॉस्टनच्या एका अभ्यासाबद्दल सांगितलं. त्यात फुफ्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या 151 रुग्णांपैकी ज्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर सुरुवातीपासून उपशामक सेवा मिळाली, त्यांचे दिवस तर बरे गेलेच, शिवाय ते साधारणपणे जास्त जगले: सुमारे 11.6 महिने, बाकीचे 8.9. आजार वेगळा, टप्पाही वेगळा, त्यामुळे हे आकडे काकूंना लावता येणार नाहीत, हेही मी सांगितलं. तरीही 'वेदना कमी केली की माणूस लवकर जातो' ही त्याची समजूत त्याने थोडी ढिली झाली. एवढंच मला हवं होतं.

खरी अडचण दुसरीच होती. हॉटेल वाईट निघालं तर माणूस पुढच्या खेपेला दुसरीकडे उतरतो. इथे पुढची खेप नसते. शिवाय ज्याने सेवा घेतली तो मत द्यायला उरत नाही. मत देतात ते नातेवाईक, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर असतो तो फक्त शेवटचा दिवस. म्हणून 'फार छान लोक आहेत हो' या शिफारशीवरून जेमतेम एवढंच कळतं की कुणीतरी गोड बोललं. ते खोटं नसतं, पण पुरेसंही नसतं.

समोरचे पर्याय

पहिली संस्था शहराबाहेर, स्वतःच्या इमारतीत होती. 20 खाटा, मागे बाग, नातेवाइकांना राहायला खोल्या. तिला आम्ही आपसात 'बागवाली' म्हणत असू. दुसरी घरी येऊन सेवा देणारी होती: एक डॉक्टर, चार सिस्टर, एक समन्वयक, ऑफिस म्हणजे दोन खोल्या. तिसरा पर्याय कॅन्सर रुग्णालयातच येत-जात राहायचा. तो काकूंनीच एका वाक्यात निकालात काढला: "मला आता त्या बाकावर बसवत नाही."

धाकट्याचा कल बागवालीकडे होता, कारण वेबसाइटवरचे फोटो त्याने लांबूनही पाहिले होते. थोरलीला आई घरीच हवी होती, पण रात्रीची तिला धास्ती वाटत होती. काकूंना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "जिथे ह्यांची आबाळ होणार नाही तिथे." तेव्हा हे उत्तर आम्ही सौजन्य म्हणून सोडून दिलं. ती चूक होती, त्यावर पुढे येते.

पाहणी

बागवालीला थोरली आणि मी सकाळी 11 वाजता गेलो, सांगून. (ही दुसरी चूक. सांगून गेलं की जागा जशी दाखवायची तशी दिसते.) फरशी लख्ख, पडदे धुतलेले, स्वागताला बसलेल्या बाई मनापासून बोलणाऱ्या. दिवसा डॉक्टर हजर. सेवा करणाऱ्या नातेवाइकाला विसावा मिळावा म्हणून रुग्णाला आठवडाभर ठेवून घ्यायची सोय, आणि ती खरोखर चांगली होती.

मी मात्र अशा ठिकाणी तीन गोष्टी बघते, आणि त्या कुणी दाखवत नाही. एका उघड्या दारातून आजोबा दिसले. बेलची दोरी खाटेच्या कठड्याला नीट गुंडाळून बांधलेली, पण बांधलेली होती ती पायथ्याशी. पाण्याचा पेला टेबलावर, हात पोचणार नाही इतक्या अंतरावर. ओठ सुकून त्यांवर पापुद्रे धरलेले. शेवटच्या दिवसांत माणूस खाणंपिणं सोडतो, हे नैसर्गिक आहे. पण तोंड ओलं ठेवणं हे कुणाच्या तरी हातचं काम असतं, दर दोन-तीन तासांनी करायचं. त्याला औषध लागत नाही, यंत्र लागत नाही. कुणीतरी तिथे यावं लागतं.

मग मी विचारलं, "मॉर्फिन सुरू केलं की सोबत काय देता?"

"त्रास झाला तर बघतो त्याप्रमाणे."

हे उत्तर मला खटकलं. मॉर्फिनने बद्धकोष्ठ होतो, जवळपास सगळ्यांनाच. मळमळ काही दिवसांत ओसरते, गुंगी ओसरते, हे मात्र ओसरत नाही. म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या गोळीपासूनच द्यायचं असतं. पाचव्या दिवशी पोट फुगल्यावर 'बघणं' म्हणजे रुग्णाला एका वेदनेतून काढून दुसरीत टाकणं. 1986 साली जागतिक आरोग्य संघटनेने कॅन्सरच्या वेदनेसाठी जी पद्धत मांडली तिचा गाभा साधा होता: शक्यतो तोंडावाटे, घड्याळाच्या काट्यावर, वेदनेप्रमाणे पायरी चढत. 'दुखलं तर सांगा' हे त्या पद्धतीत बसत नाही.

घरी येणाऱ्या संस्थेच्या ऑफिसात बघण्यासारखं काही नव्हतं. तोच प्रश्न विचारल्यावर सिस्टर म्हणाली, "जुलाबाची गोळी पहिल्या दिवसापासून. आणि तीन दिवस शौचाला झालं नाही तर वाट बघायची नाही, आम्हाला फोन करायचा." आणखी एक गोष्ट मला आवडली. काकूंना पहिल्यांदा भेटायला आल्यावर तिने घरच्यांना दहा मिनिटं बाहेर बसायला सांगितलं. काकू मुलाला फोनवर 'ठीक आहे, तीनएक असेल दुखणं' असं सांगत. सिस्टरला एकटीला त्यांनी दहापैकी सात सांगितलं.

त्याच दहा मिनिटांत काकांच्या आबाळीची ती जुनी गोष्टही पुढे आली. काकूंना रात्री जागवत होता तो एक प्रश्न: काकांच्या गोळ्या 40 वर्षं त्याच काढून देत आल्या होत्या. आपल्यामागे त्यांना सकाळची कोणती आणि जेवणाआधीची कोणती, हे कोण सांगणार? 1967 साली लंडनमध्ये सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस उभं करणाऱ्या सिसिली सॉन्डर्स यांनी 'समग्र वेदना' असा शब्द वापरला होता. शरीराचं दुखणं, मनाचं, नात्यांचं आणि श्रद्धेचं वेगवेगळं काढून मोजता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. वाचताना हे भारदस्त वाटतं. प्रत्यक्षात सिस्टरने पिशवीतून कोरा पुठ्ठा काढला, मार्कर काढला आणि म्हणाली, "सांगा काकू, मी लिहिते." पहिल्या चार ओळी तिने लिहिल्या. पाचवी काकूंनी मार्कर मागून घेऊन स्वतः लिहिली, अक्षर थरथरतं. तक्ता जेवणाच्या टेबलासमोरच्या भिंतीवर लागला.

रात्रीचा फोन

दोन्ही संस्था '24 तास सेवा' म्हणत होत्या. शब्द एकच, पण त्याखाली काय आहे ते बघायला थोरलीने एका मंगळवारी रात्री 2 वाजता दोन्हीकडे फोन केले. आधी तिला संकोच वाटला. मी म्हटलं, "नंतर करायचाच आहे हा फोन, तेव्हा रडत करशील. आज शांतपणे कर."

बागवालीत फोन लगेच उचलला गेला, सुरक्षारक्षकाने. तो सभ्यपणे म्हणाला, सिस्टर वॉर्डात आहेत, डॉक्टर सकाळी 9 ला येतील. दुसरीकडे फोन वाजत राहिला आणि कट झाला. बारा मिनिटांनी उलट फोन आला, झोपेतल्या आवाजात पण थेट सिस्टरचाच. नाव, आजार, सध्याची औषधं असं विचारायला तिने सुरुवातही केली.

यातलं चांगलं कोणतं? लगेच उचलणारा पण काही करू न शकणारा माणूस, की उशिरा मिळणारा पण निर्णय घेऊ शकणारा? आम्ही दुसऱ्याच्या बाजूने कौल दिला. आजही देईन. पण बारा मिनिटं म्हणजे एकाच सिस्टरवर रात्रीचा सगळा भार आहे, ही खूण मी त्याच वेळी वाचायला हवी होती.

निवड, आणि पहिले दोन आठवडे

घरी येणारी संस्था निवडली. मॉर्फिनची 30 मिलिग्रॅमची हळूहळू विरघळणारी गोळी बारा तासांनी एक. मधूनच वेदना उसळली तर लवकर लागू पडणारी 10 मिलिग्रॅमची जादा गोळी. हा जादा डोस साधारणपणे दिवसभराच्या एकूण मात्रेच्या एक-षष्ठांश ते एक-दशांश ठेवतात, तेव्हा हिशेब बरोबर होता. सिस्टर एक दिवसाआड येई. तिसऱ्या रात्री काकू आडव्या झोपल्या. थोरलीने मला फक्त त्या उशीचा फोटो पाठवला: बाजूला पडलेली, कुणी न धरलेली.

तो शनिवार

दुपारी 4 वाजता वेदना अचानक आठवर गेली. थोरलीने फोन केला. समन्वयक म्हणाला, सिस्टर दुसऱ्या घरी आहेत, तोवर जादा गोळी द्या.

जादा गोळी घरात नव्हती. कागदावर लिहिलेली होती. सिस्टरला वाटलं घरच्यांनी आणली असेल, घरच्यांना वाटलं संस्था देईल. दोन आठवडे गरज न पडल्यामुळे हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

काकांनी मग त्यांना सुचेल ते केलं. मोठी गोळी लवकर लागू पडावी म्हणून ती कुटायला घेतली. थोरलीने ते पाहिलं आणि मला फोन लावला. हे नीट लक्षात ठेवावं: हळूहळू विरघळणारी मॉर्फिनची गोळी कधीही कुटायची नाही, चावायची नाही. बारा तासांची मात्रा एकदम रक्तात उतरते आणि श्वास मंदावू शकतो. घरात कुणालाही हे सांगितलेलं नव्हतं.

सिस्टर पोचली 8 वाजून 10 मिनिटांनी. गोळ्या घेऊन आली होती. एक दिली, वहीत नोंद केली, काकूंच्या पाठीवरून हात फिरवला आणि 20 मिनिटांत निघाली, कारण तिसऱ्या घरून फोन येत होते. तोंडावाटे घेतलेली लवकर लागू पडणारी गोळी काम करू लागायला अर्धा तास लागतो, पुरता जोर धरायला तासभर. म्हणजे औषधाने काय केलं हे बघायला ती थांबलीच नाही. नंतर फोनही केला नाही. रात्री 11 वाजता वेदना पुन्हा सातवर. थोरलीने फोन केला तेव्हा पलीकडून आलं, "दिलाय ना डोस?"

हे वाक्य मी अनेक ठिकाणी ऐकलं आहे, चांगल्या संस्थांमध्येसुद्धा. त्यात डोस देणं हेच काम समजलं जातं. वेदना कमी होणं हे काम असेल तर डोसनंतर तासाभराने कुणीतरी परत विचारतं, आकडा लिहितं, आणि आकडा हलला नसेल तर पुढचं पाऊल सांगतं. मी रात्रीचा फोन तपासला, ओठ तपासले, जुलाबाची गोळी तपासली. वही उघडून 'डोसनंतर' असा रकाना आहे का, हे मात्र बघितलं नव्हतं. तो नव्हता.

बदलायचं की राहायचं

रविवारी धाकट्याचा फोन: "सोमवारी आईला बागवालीत हलवा." त्याचा राग रास्त होता. माझंही मन डळमळलं. तिथे निदान सिस्टर त्याच छताखाली असते.

उलट बाजूने विचार केला तर काकू आता ताकदीच्या त्या पट्टीवर 40 वर आल्या होत्या. रुग्णवाहिका, नवी खाट, नवे चेहरे, औषधांची नव्याने बसवाबसव, यात चार-पाच दिवस जातात, आणि काकूंकडे किती आठवडे आहेत ते कुणाला ठाऊक नव्हतं. शिवाय बागवालीतल्या त्या पायथ्याशी बांधलेल्या दोरीचं काय?

ठरवलं असं की सोमवारी संस्थेला घरी बोलवायचं, आणि ते चुकीबद्दल कसं बोलतात त्यावर निर्णय घ्यायचा. आवाज चढवायचा नाही, वेळा वाचून दाखवायच्या. मुख्य सिस्टर आली. आम्ही कागद काढण्याआधी तिनेच वही उघडली. "4 वाजता फोन, 8:10 ला पोच. चार तास दहा मिनिटं. जादा गोळी घरात आहे का, हे पहिल्याच दिवशी आम्ही हातात घेऊन बघायला हवं होतं. आणि रात्री परत फोन करायला हवा होता." तिने रस्त्याचं, मनुष्यबळाचं, काकांनी न आणलेल्या गोळ्यांचं कारण पुढे केलं नाही.

मला विचाराल तर कोणत्याही संस्थेची सगळ्यात खरी पाहणी हीच. पहिल्या भेटीत सगळेच चांगले असतात.

राहायचं ठरलं, पण तोंडी नाही. एका कागदावर तीन गोष्टी लिहून घेतल्या. घरात कुलूपबंद पेटी राहील, तिच्यात लवकर लागू पडणारं मॉर्फिन, उलटीसाठी हॅलोपेरिडॉल, अस्वस्थपणासाठी मिडॅझोलॅम आणि घशातल्या घरघरीसाठी हायोसिन, प्रत्येकावर कशासाठी आणि कुणाला विचारून हे ठळक अक्षरांत. कोणताही जादा डोस दिला की तासाभरात सिस्टरचा फोन येईल आणि वहीत नवा आकडा पडेल. शनिवार-रविवारी कोण येणार, त्या व्यक्तीचं नाव शुक्रवारी कळेल. रोजची मात्राही वाढली. शनिवारपासून दिवसाला तीनदा जादा गोळी लागत होती, म्हणजे 30 मिलिग्रॅम, ते मूळ मात्रेत मिळवून 60 चे 90 झाले.

धाकट्याला हा निर्णय पटला नाही. तो स्वतः येऊन थांबायला तयार झाला, एवढं मात्र त्यातून निष्पन्न झालं.

शेवटचा आठवडा

काकूंना गिळणं जमेना. तोंडावाटे 90 मिलिग्रॅम मॉर्फिन होतं, कातडीखालून द्यायचं तर साधारण निम्मं पुरतं. बारीक सुई दंडाजवळ लावली आणि 45 मिलिग्रॅम 24 तासांत जाईल असा छोटा सिरिंज पंप बसवला. ही बदलाबदली सकाळी, सिस्टर दोन तास बसून असताना झाली. रात्रीवर ढकलली नाही.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी संध्याकाळी काकू अचानक तळमळू लागल्या. चादर ओढत, पाय आखडत, उठायला बघत. बोलणं समजत नव्हतं. धाकटा घाबरला. "सिस्टर, पेटीत ते झोपेचं इंजेक्शन आहे ना, देऊन टाका. बघवत नाही."

सिस्टरने पेटी उघडली नाही. काकूंच्या बेंबीखाली तळहात ठेवला आणि थोडा दाबला. काकू कण्हल्या. "लघवी कधी झाली होती?" कुणाला सांगता येईना, बहुधा सकाळी. मॉर्फिनने लघवी तुंबू शकते. तिने नळी घातली. पिशवीत 800 मिलिलिटरच्या वर लघवी उतरली. दहा मिनिटांत चादर ओढणारे हात सैल पडले.

मिडॅझोलॅम दिलं असतं तर काकू शांत दिसल्या असत्या. फुगलेलं मूत्राशय आत तसंच राहिलं असतं, आणि आम्ही सगळ्यांनी 'किती छान सांभाळलं' म्हटलं असतं. बाहेरून दोन्ही शांतता सारख्याच दिसतात. म्हणून अस्वस्थ रुग्णाला झोपवण्याआधी सिस्टर काय काय तपासते, हा प्रश्न मी आता पहिल्याच भेटीत विचारते. लघवी, शौच, वेदना, श्वास, कूस, भीती, अशी उत्तरं आली पाहिजेत, आणि हात पोटाकडे गेला पाहिजे.

निष्पत्ती

सेवा सुरू झाल्यापासून 37 व्या दिवशी पहाटे काकू गेल्या. काका शेजारी होते, थोरली शेजारच्या खोलीत डुलकी घेत होती. घशातली घरघर आदल्या रात्रीपासून होती. ती ऐकणाऱ्याला जितकी भयंकर वाटते तितका त्रास बहुधा रुग्णाला होत नाही, हे सिस्टरने दोन दिवस आधीच सांगून ठेवलं होतं. त्यामुळे कुणी रुग्णवाहिका बोलावली नाही. फोन केल्यावर 50 मिनिटांत सिस्टर आली, पंप काढला, उरलेलं मॉर्फिन थोरलीसमोर मोजून वहीत सही घेतली.

या 37 दिवसांत रुग्णालयात एकदाही दाखल व्हावं लागलं नाही. त्या सोमवारनंतर 'डोसनंतर' हा रकाना जवळपास दर वेळी भरलेला होता. दोनदा कोरा राहिला, दोन्ही वेळा रविवारी. म्हणजे संस्थेचा तो रोग पूर्ण गेला नव्हता. बागवालीत जास्त बरं झालं असतं का, हे सांगायला मार्ग नाही. धाकटा अजूनही 'हो' म्हणतो.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात मोठी रुखरुख एका विचारायच्या राहिलेल्या प्रश्नाची आहे. स्वादुपिंडाच्या वेदनेसाठी पोटामागच्या नसांच्या जाळ्यात इंजेक्शन देऊन ती वेदना काही महिने बोथट करता येते. दोन्ही संस्थांना 'तुमच्या हाताबाहेरचं असेल तर कुणाकडे पाठवता?' हे पहिल्या आठवड्यात विचारायला हवं होतं. मी विचारलं ते शनिवारनंतर, आणि तोवर काकूंच्या रक्ताची गोठण्याची क्षमता इतकी घटली होती की वेदनातज्ज्ञांनी नको म्हटलं.

बागवालीला न सांगता, संध्याकाळी 7 नंतर जायला हवं होतं. पाळी बदलते तेव्हा एक सिस्टर दुसरीला रुग्ण कसा सोपवते ते ऐकलं की अर्धी संस्था कळते. घरसेवेच्या बाबतीत पहिल्याच दिवशी कागदावर लिहिलेली प्रत्येक गोळी हातात घेऊन बघायला हवी होती. आणि रात्रीचा फोन मंगळवारी नाही, रविवारी करायला हवा होता.

काकू म्हणाल्या होत्या, "जिथे ह्यांची आबाळ होणार नाही तिथे." तो निवडीचा निकष होता, आणि तो रुग्णानेच दिला होता. आम्ही त्यावर एकाही संस्थेला प्रश्न विचारला नाही. नशिबाने सिस्टरने ऐकला.

पाच आठवड्यांनी

संस्थेचा फोन आला तेव्हा मी योगायोगाने काकांकडेच होते. त्यांनी स्पीकर लावला.

"काका, कसे आहात?"

"ठीक आहे." काकू मुलाला सांगत, अगदी त्याच सुरात.

"झोप लागते?"

"लागते."

"किती वाजता?"

काका थांबले. "तीन. कधी साडेतीन."

"आणि सकाळच्या गोळ्या?"

मी भिंतीकडे पाहिलं. तक्ता नव्हता, चार खिळे होते. काका म्हणाले की त्यावरची शेवटची ओळ तिच्या हातची होती, उन्हाने शाई उडायला लागली म्हणून कपाटात ठेवून दिला. गोळ्या आठवतील तशा घेत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर साखर मोजायचं यंत्र आणि कोरा पुठ्ठा घेऊन आली.